फ्लॅश एक की दोन? या वादातून मल्टिव्हर्सची वाट काढणारा वकील

डिसेंबर २०२१ मध्ये 'स्पायडर-मॅन: नो वे होम' लागला तेव्हा थिएटरमध्ये काय झालं होतं, ते अनेकांना आठवत असेल. टॉम हॉलंडच्या गोष्टीत आधी अँड्र्यू गारफिल्ड येऊन उभा राहिला, मग टोबी मॅग्वायर. शिट्ट्या, आरडाओरडा, हवेत मोबाईल. एकाच नावाची, एकच काम करणारी तीन माणसं एका खोलीत कशी, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. तिघं तीन वेगळ्या विश्वांतले आहेत, एवढं सांगितलं की विषय संपतो.

विषय असा झटक्यात संपवण्याची सोय कुणीतरी आधीच करून ठेवली होती. तीही साठ वर्षांपूर्वी, दहा सेंटला मिळणाऱ्या एका कॉमिकमध्ये. ती करणारा माणूस शिक्षणानं वकील होता आणि त्याचं नाव होतं गार्डनर फॉक्स. स्टॅन लीला आज शाळकरी पोरंही ओळखतात, फॉक्सला मात्र कॉमिकवाले सोडले तर फारसं कुणी ओळखत नाही.

फॉक्सचा जन्म २० मे १९११ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. लहानपणी एडगर राइस बरोजच्या मंगळावरच्या साहसकथा हाती लागल्या आणि वाचनाचं वेड लागलं ते कायमचं. घरचा रस्ता मात्र सरळ होता. सेंट जॉन्समधून कायद्याची पदवी घेतली आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलीची सनद मिळाली. पण ते दिवस महामंदीचे. नव्या वकिलाला अशिलं मिळणार कुठून? दोनेक वर्षं कशीबशी वकिली झाली. मग डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा, म्हणजे पुढच्या डीसीचा, संपादक व्हिन सुलिव्हन हा जुना ओळखीचा माणूस कामी आला. त्याला गोष्टी लिहिणारे हवे होते आणि फॉक्सला पैसे.

१९३९ मध्ये बॅटमॅन नुकताच जन्मला होता. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी त्याला आणलं आणि तिसऱ्याच गोष्टीपासून लेखनात फॉक्स आला. बॅटमॅनच्या कमरेचा तो सगळ्या गोष्टी पुरवणारा पट्टा फॉक्सच्या गोष्टीत पहिल्यांदा दिसला. फेकून मारायचा बॅटरँगही त्याच्याच गोष्टीतला. पुढच्या अनेक बॅटमॅन सिनेमांत या दोन वस्तू आहेत. मात्र बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत कित्येक दशकं एकट्या बॉब केनचं नाव जात राहिलं. फिंगरवरच्या अन्यायाबद्दल निदान बोललं तरी जातं, फॉक्सचा वाटा त्या चर्चेतही तळटीपेपुरताच येतो.

त्यानंतरची दोन वर्षं मात्र बघण्यासारखी आहेत. सँडमॅन, फ्लॅश, हॉकमॅन, डॉक्टर फेट. वेगवेगळ्या चित्रकारांसोबत फॉक्सनं एकामागून एक पात्रं उभी केली. पहिला फ्लॅश आला तो जानेवारी १९४० च्या अंकात. हा फ्लॅश म्हणजे जे गॅरिक नावाचा कॉलेजातला पोरगा. प्रयोगशाळेत 'जड पाण्या'ची वाफ नाकात जाते आणि तो वाऱ्यासारखा धावू लागतो. डोक्यावर पंख लावलेलं पत्र्याचं शिरस्त्राण, तोंडावर मुखवटा वगैरे काही नाही. शास्त्र कच्चं आहे, पण वेग पक्का.

त्याच वर्षाच्या शेवटी 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात फॉक्स आणि संपादक शेल्डन मेयर यांनी या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं. जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका ही सुपरहिरोंची पहिली टीम. ऐकायला साधं वाटतं, पण 'कंटिन्युइटी' या शब्दाचं मूळ इथं आहे. तोवर प्रत्येक हिरो आपापल्या मासिकात, आपापल्या जगात राहत होता. एका टेबलावर बसले म्हणजे सगळ्यांचं जग एकच ठरलं. मग एकाच्या गोष्टीत जे घडलं ते दुसऱ्याच्या गोष्टीतही घडलेलंच धरावं लागतं. 'अ‍ॅव्हेंजर्स' बघण्याआधी कुठले सिनेमे कुठल्या क्रमानं बघायचे याची जी यादी मित्र पाठवतात, तिची पणजी म्हणजे हा अंक.

युद्ध संपलं आणि लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आला. फ्लॅशचं मासिक १९४९ मध्ये, १०४ व्या अंकावर बंद पडलं. १९५१ मध्ये 'ऑल स्टार कॉमिक्स'चं नाव बदलून 'ऑल स्टार वेस्टर्न' झालं आणि जस्टिस सोसायटीच्या जागी घोड्यावरचे काउबॉय आले. फॉक्सनं कुरकुर न करता काउबॉय लिहिले, अंतराळवीर लिहिले, गुप्तहेर लिहिले. शिवाय टोपणनावांनी कादंबऱ्या. त्याच्या कॉमिक कथांची संख्या चार हजारांच्या घरात धरली जाते आणि कादंबऱ्या शंभराहून अधिक. कलावंतापेक्षा रोज दुकान उघडणाऱ्या माणसाचा हा हिशेब वाटतो, आणि तसा तो होताही.

मग १९५६ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झनं फ्लॅशला परत आणायचं ठरवलं. जुना नाही, कोरा करकरीत. नाव तेच, वेग तोच, पण माणूस दुसरा. बॅरी ॲलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेतला तज्ज्ञ, अंगावर वीज पडून वेगवान झालेला. पहिली गोष्ट रॉबर्ट कॅनिगरनं लिहिली, चित्रं कार्माइन इन्फँटिनोची. आजच्या भाषेत हा रिबूट. त्या गोष्टीत एक गंमत होती. बॅरी फावल्या वेळात जुनं फ्लॅश कॉमिक वाचताना दिसतो आणि त्यावरूनच स्वतःचं नाव घेतो. म्हणजे नव्या फ्लॅशच्या जगात जुना फ्लॅश हे निव्वळ काल्पनिक पात्र.

१९५९ मध्ये नव्या फ्लॅशला स्वतःचं मासिक मिळालं. त्याचा पहिला अंक १ नंबरचा नव्हता, १०५ नंबरचा होता. माणूस नवा, क्रमांक जुन्याच वहीतला. जुना फ्लॅश खोटा म्हणायचा आणि त्याचा आकडा मात्र पुढे चालवायचा, हे काही जमणारं नव्हतं. जुने वाचक तर विचारत होतेच की जे गॅरिकचं काय झालं. जेरी बेल्स नावाच्या एका चाहत्यानं फॉक्सकडून त्याच्या स्वतःच्या संग्रहातले 'ऑल स्टार'चे बांधीव खंडच विकत घेतले. रॉय थॉमस हा दुसरा चाहता फॉक्सला पत्रं लिहायचा आणि फॉक्सनंच त्याची बेल्सशी गाठ घालून दिली. या दोघांच्या ओळखीतून अमेरिकेतली संघटित कॉमिक फॅन मंडळी उभी राहिली. पुढे हा थॉमस मार्व्हलचा मुख्य संपादक झाला.

आता पेच असा. एका नावावर दोन मालक. आपल्याकडे सातबाऱ्यावर असा घोळ झाला की एकाचं नाव कमी करतात किंवा कोर्टात वीस वर्षं जातात. फॉक्सनं तिसराच मार्ग काढला. दोघांनाही स्वतंत्र जमीन दिली.

'द फ्लॅश'चा १२३ वा अंक, सप्टेंबर १९६१. लेखक फॉक्स, चित्रकार इन्फँटिनो, संपादक श्वार्ट्झ. मुखपृष्ठावर मधोमध भिंत. भिंतीच्या एका बाजूनं बॅरी, दुसऱ्या बाजूनं जे, दोघंही एकाच माणसाला वाचवायला जीव तोडून धावतायत, कारण वरून त्याच्या अंगावर लोखंडी तुळई पडतेय. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

आत गोष्ट अशी. लहान मुलांच्या कार्यक्रमाला जादूगार येत नाही म्हणून बॅरी स्वतःच खेळ करून दाखवतो. त्यातला एक खेळ दोरीवर चढून नाहीसं होण्याचा, म्हणजे जगभर भारताच्या नावावर खपवली गेलेली तीच दोरीची जादू. अदृश्य होण्यासाठी बॅरी अंग प्रचंड वेगानं थरथरवतो आणि खरंच गायब होतो. डोळे उघडतो तर गाव वेगळं. हे कीस्टोन सिटी, जे गॅरिकचं गाव, जे त्यानं फक्त कॉमिकमध्ये वाचलेलं असतं. मग तो काय करतो? टेलिफोन डिरेक्टरीत गॅरिकचं नाव शोधतो आणि घरी जाऊन धडकतो. जे आता पोक्त झालाय, संसारी आहे, धावणं सोडून दिलंय.

स्पष्टीकरण दोन-चार चौकटींत उरकलंय. दोन पृथ्व्या एकाच जागी आहेत, पण दोघींची कंपनं वेगळी, म्हणून एकीला दुसरी दिसत नाही. बॅरीची कंपनं योगायोगानं दुसरीशी जुळली. मग पहिल्या पृथ्वीवर जे गॅरिकची कॉमिकं कशी काय निघाली? कारण ती लिहिणाऱ्या लेखकाचं मन झोपेत त्या दुसऱ्या पृथ्वीशी जुळायचं. त्याला वाटायचं आपण कल्पना करतोय, प्रत्यक्षात तो खरी हकीकत उतरवून घेत होता. आणि गोष्टीत त्या लेखकाचं नाव दिलंय: गार्डनर फॉक्स. त्या काळी डीसीच्या बहुतेक अंकांवर लेखकाचं नाव छापायची पद्धत नव्हती. दोन दशकं बिननावाची मजुरी केलेल्या माणसानं स्वतःचं नाव थेट कथेतच घालून टाकलं. ही कथेची गरज होती की मनातली बोच, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण नाव तिथं आहे.

समांतर जगाची कल्पना फॉक्सची नव्हे, हे सांगायला हवं. विज्ञानकथांमध्ये ती तीसच्या दशकापासून खेळवली जात होती. फॉक्स आणि श्वार्ट्झ दोघंही त्या कथांवर वाढलेले. श्वार्ट्झ तर कॉमिकमध्ये येण्याआधी विज्ञानकथा लेखकांचा एजंट होता. फॉक्सचं काम वेगळं. त्यानं ती कल्पना हिशेब जुळवायला वापरली. जुनी गोष्ट खोटी ठरवायची नाही, नवी अडवायची नाही. दोन्ही खऱ्या, पत्ते वेगळे.

अंक इतका चालला की १९६३ मध्ये त्यानं दोन्ही टीमची गाठ घातली. जस्टिस लीग त्यानंच १९६० मध्ये लिहायला घेतली होती. तिचा खप बघून मार्व्हलच्या मालकानं स्टॅन लीला अशीच एक टीम काढायला सांगितलं आणि 'फँटॅस्टिक फोर' जन्मली, असं मार्व्हलचीच मंडळी सांगत आली आहेत. तर लीग आणि सोसायटी भेटल्या आणि पृथ्व्यांना क्रमांक मिळाले. गंमत म्हणजे नव्या हिरोंची पृथ्वी एक नंबरची ठरली आणि वीस वर्षं आधी आलेल्यांची दोन नंबरची. धाकट्याच्या नावानं थोरल्याला ओळखायचं, असला प्रकार. पुढच्या वर्षी तिसरी पृथ्वी आली. तिथं सुपरमॅन, बॅटमॅनचे अवतार गुंड आहेत. हिरोचा दुष्ट जुळा ज्या ज्या सिनेमात दिसतो, त्याचा गावाकडचा पत्ता हाच.

दुसऱ्या पृथ्वीचा खरा फायदा पुढे दिसला. तिथं वेळ पुढे सरकू शकत होती. मुख्य बॅटमॅन विकायचा असतो, त्याला म्हातारं करता येत नाही. पण दुसऱ्या पृथ्वीवर रॉबिन मोठा झाला, तेही १९६७ मध्ये फॉक्सच्याच लेखणीतून. नंतर इतर लेखकांनी तिथल्या सुपरमॅनचं लग्न दाखवलं, बॅटमॅनची मुलगी दाखवली आणि १९७९ मध्ये त्या बॅटमॅनला मारलंही. हा मेला तो मेला. चाहत्यांना सिनेमात हवी असते ती ही गोष्ट, मरणाला किंमत असलेली.

इथं एक फरक नीट समजून घेतला तर निम्मे सिनेमे सोपे होतात. मल्टिव्हर्स आणि बदललेली टाइमलाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'एक्स-मेन: डेज ऑफ फ्युचर पास्ट' (२०१४) मध्ये वुल्व्हरिनला १९७३ मध्ये पाठवतात, तिथं इतिहास बदलतो आणि आधीच्या सिनेमांत घडलेलं बरंच काही पुसलं जातं. म्हणजे पाटी कोरी. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) मध्ये ब्रूस बॅनर वेगळा नियम सांगतो. भूतकाळात ढवळाढवळ केली तरी आपलं आज बदलत नाही, फक्त नवी फांदी फुटते. 'लोकी' मालिकेतली टीव्हीए या फांद्या छाटत बसते. २०२३ च्या 'द फ्लॅश' सिनेमात मायकल कीटनचा बॅटमॅन शेवया घेऊन समजावतो की भूतकाळाला धक्का लावला की तो मागे-पुढे दोन्हीकडे विस्कटतो. फॉक्सचं गणित या सगळ्यांहून साधं. त्याच्या पृथ्व्या कुणी चुकीनं निर्माण केलेल्या नाहीत. त्या पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत, एकीमुळे दुसरी पुसली जात नाही. 'नो वे होम' या बाबतीत पूर्णपणे फॉक्सच्या बाजूचा सिनेमा आहे. नट बदलला म्हणजे जुना रद्द झाला असं नाही, तो शेजारच्या विश्वात होता. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये पवित्र प्रभाकरला मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं मुंबटन शहर मिळालं, तेही याच जागावाटपातून.

जुन्या हिरोंची अशी काळजी घेणाऱ्या या लेखकाच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. १९६८ च्या सुमारास डीसीचे काही ज्येष्ठ लेखक एकत्र आले. फॉक्स, जॉन ब्रूम, बिल फिंगर, अर्नोल्ड ड्रेक, ऑटो बाइंडर आणि आणखी काही जण. मागण्या फार नव्हत्या. आजारपणाचा विमा, जुन्या कथा पुन्हा छापल्या तर त्याचा काही मोबदला. हे सगळे पानामागे पैसे घेणारे लोक, नोकरदार नव्हेत. पात्रं कंपनीची, कथा कंपनीच्या, म्हातारपण मात्र ज्याचं त्याचं. मागण्या मान्य झाल्या नाहीत आणि थोड्याच काळात त्यांच्यापैकी बहुतेकांचं तिथलं काम आटलं. नवी, तरुण मुलं स्वस्तात लिहायला तयार होती. त्यातली बरीच फॉक्सच्याच गोष्टी वाचून मोठी झालेली. फॉक्स तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. जस्टिस लीग दुसऱ्याच्या हाती गेली.

कायद्याची पदवी असलेल्या या माणसानं तीस वर्षांत आपल्या एकाही पात्रावर हक्क ठेवला नव्हता. त्या काळच्या धंद्याची रीतच ती. कंपनीच्या चेकवर सही केली की कथा कंपनीची.

फॉक्सनं रडगाणं न गाता पुन्हा दुकान उघडलं. कोथार, कायरिक अशा तलवारबाज नायकांच्या कादंबऱ्या लिहिल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मार्व्हलसाठी काही काम केलं, त्यात डॉक्टर स्ट्रेंजच्याही थोड्या कथा आहेत. रॉय थॉमस तेव्हा तिथं होता. अखेरच्या वर्षांत एक्लिप्स या छोट्या प्रकाशनासाठी विज्ञानकथा लिहिल्या. टिपणं, पटकथा, वाचकांची पत्रं असं सगळं त्यानं ओरेगॉन विद्यापीठाला देऊन टाकलं होतं. ते तिथं खोक्यांमध्ये जपलेलं आहे.

तिकडे डीसीत पृथ्व्यांची गर्दी झाली होती. दुसऱ्या प्रकाशनांची पात्रं हाती आली की त्यांच्यासाठी एक नवी पृथ्वी, असा रिवाजच पडला. (डिस्नेनं २०१९ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स घेतल्यावर एक्स-मेनची मंडळी मार्व्हलच्या सिनेमांत कशी येणार, हा प्रश्न 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'नं याच पद्धतीनं सोडवला. या फॉक्सचा आपल्या फॉक्सशी काही संबंध नाही.) नव्या वाचकाला यातलं काही कळत नाही असं कंपनीला वाटू लागलं. म्हणून १९८५ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका काढली. त्यात पृथ्व्या नष्ट झाल्या आणि उरलेल्यांची मिळून एकच पृथ्वी बनली. बॅरी ॲलन मेला. शेवटच्या अंकावर मार्च १९८६ छापलं होतं. फॉक्सनं पंचवीस वर्षांपूर्वी उघडलेलं दार बंद झालं.

त्याच वर्षी २४ डिसेंबरला फॉक्स गेला. वय पंचाहत्तर.

दार फार काळ बंद राहिलं नाही. १९९९ मध्ये आयस्नर पुरस्कारांच्या हॉल ऑफ फेममध्ये फॉक्सचं नाव आलं. २००६-०७ मधल्या '५२' या मालिकेनं डीसीचं मल्टिव्हर्स अधिकृतपणे परत आणलं, त्यात दुसरी पृथ्वीही. २०२२ च्या 'ब्लॅक ॲडम' सिनेमात हॉकमॅन आणि डॉक्टर फेट पडद्यावर आले, जस्टिस सोसायटीच्या नावासकट.

पण फॉक्सचा हिशेब सगळ्यात नेमका जुळवला तो टीव्हीनं. 'द फ्लॅश' मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, २०१५ साली, एका भागाला १९६१ च्या त्या कथेचंच नाव दिलं. १९९० मध्ये याच नावाची एक मालिका येऊन वर्षभरात बंद पडली होती. तिचा फ्लॅश होता जॉन वेस्ली शिप. नव्या मालिकेत त्यालाच आधी बॅरीचा बाप केलं, मग जे गॅरिक. आणि 'क्रायसिस'चं टीव्हीरूप आलं तेव्हा शिप १९९० चाच फ्लॅश म्हणून आला, तोच जुना पोशाख घालून. म्हणजे ती बंद पडलेली मालिकाही एक पृथ्वी होती आणि तिथला माणूस इतकी वर्षं तिथं राहत होता. विश्व वाचवण्यासाठी एका फ्लॅशला मरावं लागणार होतं. तो तरुण बॅरीला बाजूला करून स्वतः धावायला लागतो, आणि मरण्याआधी क्षणभर पडद्यावर १९९० च्या मालिकेतलं एक जुनं दृश्य येऊन जातं.